शेवटच्या नळाचं पाणी

सकाळी पावणेसहाला आमच्या सोसायटीच्या तोंडाशी एक माणूस रस्त्यावर उकिडवा बसायचा आणि हातातल्या लांब लोखंडी चावीचं एक टोक जमिनीतल्या वॉल्व्हवर टेकवून दुसरं कानाला लावायचा. नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या दिवशी हे बघून घाबरायचा, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारायचा आणि तिसऱ्या दिवसापासून त्यावर आपलं घड्याळ लावायचा. मीही त्याच वाटेने गेलो. फक्त मी बी.एस्सी. झालेला होतो, त्यामुळे चौथ्या दिवशी त्या माणसाला अडाणी ठरवून मोकळा झालो.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत नवागामला आम्ही जिथे राहायचो तिथवर पालिकेचा नळ तेव्हा पोचलेला नव्हता. आप्पांनी स्वतःची बोअर पाडली होती, तिच्याशेजारी सिमेंटची उंच टाकी बांधली होती आणि तिथून पाच गल्ल्यांत प्लास्टिकचे पाइप पुरून घरोघर नळ दिले होते. मूळचे शिरपूरकडचे. वीस वर्षं लूम चालवून त्यांचा डावा कान कामातून गेला होता. सगळी सोसायटी त्यांच्या उजव्या कानावर पाणी प्यायची.

चावी कानाला लावून ते पाइप ऐकायचे. कुठे गळतंय, कुठे तुंबलंय, कोणी नळ उघडा टाकून गेलंय, हे त्यांना म्हणे आवाजावरून कळायचं. मला हे थोतांड वाटे. मी सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग मिलमध्ये लॅबला होतो. लॅब म्हटलं की गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहत असेल ते राहो, माझं काम रंगाच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग वहीत लिहिण्याचं होतं. पण गल्लीत मला 'साहेब' म्हणत, आणि एकदा माणसाला साहेब म्हटलं की तो पट्टीचं कोणाला सांगत नाही.

आप्पा कनेक्शन देताना नाव-गाव विचारत नसत. मला त्यांनी विचारलं, "घरमा कितला जन जेवतस?"

"तिघं. मी, बायको आणि मुलगा."

ते सरळ आत शिरले, मोरीत डोकावले, हंडा उचलून बघितला, बादली उचलून बघितली आणि म्हणाले, "पुरी जाई. रोज पंचवीस मिनिट पानी, तेवढामा पुरी जाई. मोटर लावानी नही. लायी तर महिनाभर पानी बंद."

मी म्हणालो, "आप्पा, मी केमिस्ट्री शिकलेला माणूस आहे. नियम मला सांगावे लागत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे डावा कान केला.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. महिन्यातून एक दिवस, अमावस्येला, ते बोअरला सुट्टी द्यायचे. त्या दिवशी टाकीत साठलेलं पाणी निम्मा वेळ सोडायचं. बायका करवादायच्या. आप्पा म्हणायचे, "लूमले सुट्टी शे, तुमना मालकले सुट्टी शे, तिले काब्र नही?" कोणाकडे लग्न असलं की पत्रिका टाकीवर नेऊन दाखवावी लागे. पत्रिका नीट वाचून, मांडव दारात आहे की लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या वाडीत ते विचारून ते त्या गल्लीला दहा मिनिटं वाढवून देत. कोणी नळाला रबरी पाइप लावून ओटा धूत असलं तर काही बोलायचे नाहीत. समोर जाऊन बसायचे आणि बघत राहायचे. ओटा पाच मिनिटांत स्वच्छ व्हायचा आणि ती बाई घरात जाऊन दार लावून घ्यायची.

मोटरच्या बाबतीत मात्र ते बसून बघत नसत. सोसायटीच्या गुजराती प्रमुखांनी एकदा नळाच्या पाइपला गुपचूप मोटर जोडली होती. मोटर लावली की पुढच्या-मागच्या घरांचं पाणी ओढून आपल्या टाकीत पडतं, गल्लीच्या टोकाला नुसती हवा येते. आप्पांनी चावी कानाला लावली, उठले, प्रमुखांच्या दारातला पाइप कापला आणि त्याला बूच मारलं. प्रमुखांना महिनाभर डंकीवरून, म्हणजे रेल्वे लाइनीकडच्या हापशावरून, पाणी आणावं लागलं. तेव्हा गल्लीत सगळ्यात जोरात मी हसलो होतो.

पाचही गल्ल्या होईपर्यंत आप्पा चहा घेत नसत. पाणी मात्र प्यायचे, आणि तेही प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या घरी. वॉल्व्ह उघडायचा, चालत टोकापर्यंत जायचं, शेवटच्या नळाखाली पेला धरायचा, प्यायचा आणि मागे फिरायचं. मी एकदा विचारलं, टाकीजवळच का नाही चाखत? तर म्हणाले, "पहिला नळले बोअर पानी देस. शेवटला नळले मी देस."

आमच्या गल्लीतलं शेवटचं घर रेल्वेत गँगमनचं काम करणाऱ्या एका अकोल्याकडच्या बौद्ध कुटुंबाचं होतं. नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी. त्या वहिनी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. त्यांच्याकडे पाणी प्यायला आमच्या गल्लीतलं कोणी जात नसे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. मी तर शिकलेला, माझे विचार फार पुढारलेले होते. मला फक्त त्या घरी कधी तहान लागली नव्हती.

आता माझ्या फवाऱ्याकडे येतो. मिलच्या एका अधिकाऱ्याच्या घरी मी न्हाणीघरात फवारा बघितला आणि माझी झोप उडाली. केमिस्ट्रीचा पदवीधर तांब्याने अंगावर पाणी ओततो, हे एकदम केविलवाणं वाटू लागलं. फवाऱ्याला गच्चीवर टाकी हवी, टाकीत पाणी चढवायला मोटर हवी. बायकोला तेव्हा नववा महिना होता. मी तिला म्हणालो, "तुला हंडे उचलायला नकोत म्हणून करतोय हे."

ती म्हणाली, "हंडे तुम्ही उचला की. मोटरीपेक्षा स्वस्त."

हा सल्ला मी ऐकला नाही. मोटर आणली, मोरीच्या कोपऱ्यात बसवली आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिच्यावर सासूबाईंनी होणाऱ्या बाळासाठी शिवलेली गोधडी पांघरली. आप्पा रस्त्यावरून जाताना मी दारात उभा राहून कान देत असे. काही ऐकू येत नसे. मी मनातल्या मनात त्यांच्यावर हसलो. आवाज हवेतून जातो तसा पाइपातूनही जातो, हे मी अकरावीला शिकलो होतो आणि त्या धड्याला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

सकाळचा शिरस्ता असा ठरला. आधी प्यायच्या पाण्याचे दोन हंडे नळातून भरून घ्यायचे, मग मोटर सुरू करायची आणि मग मी फवाऱ्याखाली उभा राहून भूप गायचा. आठवड्याभरात अंगाला खाज सुटली. मी ती मिलच्या रंगांच्या नावावर टाकली आणि मलम लावून पुन्हा गायला लागलो.

बायको बाळंत झाली, मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्याच आठवड्यात शेवटच्या घरातली मुलगी जुलाब-उलट्यांनी पडली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात सलाइन लावलं. मग तिच्या अलीकडच्या घरातली म्हातारी पडली. मग आप्पा पडले. पडले म्हणजे काय, भिंत धरून वॉल्व्ह उघडायला येतच होते, पण तोंड पांढरं पडलं होतं.

आदल्याच वर्षी प्लेगच्या भीतीने अर्धी सुरत मिळेल त्या गाडीत बसून गावी पळाली होती. लोकांच्या बॅगा अजून पुरत्या माळ्यावर गेल्या नव्हत्या. तीन माणसं आजारी म्हटल्यावर गल्लीत एकच बोलणं सुरू झालं, पाण्यात काहीतरी आहे. आप्पांची बोअर सडली. समोरच्या सोसायटीतला पाणीवाला लाइन टाकायला तयारच बसला होता. प्रमुखांनी, आणि ते तो महिना विसरले नव्हते, मंदिराच्या ओट्यावर सभा बोलावली आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, तमे तर केमिस्ट. पाणी तपासून द्या. तुमचा रिपोर्ट फायनल."

मी मिलमधून दोन काचेच्या बाटल्या आणल्या. पहिल्या दिवशी सकाळी शेवटच्या नळावर गेलो. वहिनी दवाखान्यात होत्या, नवऱ्याने बाटली भरून दिली. बाटली नाकाशी नेली तर गटाराचा वास. माझ्या घरचं प्यायचं पाणी बघितलं, ते स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर शेवटच्या नळालाही स्वच्छ पाणी! पट्टी बुडवली, पट्टीने दोन्ही बाटल्यांना सारखाच रंग दिला. पट्टीला गटार कळत नाही, एवढा शोध मला लागला. मी वहीत लिहिलं, 'पाण्याचे गुणधर्म अस्थिर.'

घरी येऊन हे बायकोला मोठ्या गंभीरपणे वाचून दाखवलं. ती बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आज सकाळपासून लाइट नाहीये."

"आप्पांची टाकी उंचावर आहे. तिथून पाणी उतरायला लाइट लागत नाही."

"तुमच्या मोटरला लागते ना?"

मी खाटेवर बसलो. सगळं एका दमात कळलं. आमच्या दारासमोरच गटाराच्या कडेने पाइप जातो. तिथला एखादा सांधा ढिला असणार. पाइपात पाण्याचा जोर असतो तोवर फार तर थेंब बाहेर जातो. पण मोटर ओढायला लागली की पाइप बाहेरचंच पाणी आत ओढतो, आणि बाहेर गटार होतं. त्यातलं थोडं माझ्या टाकीत यायचं आणि मोटर बंद झाली की उरलेलं पुढे, टोकाच्या घरांना जायचं. म्हणजे तीन आठवडे मी गटाराच्या पाण्याखाली उभा राहून भूप गात होतो. हे मला तेव्हा हसण्यासारखं वाटलं नाही. ती मुलगी सलाइनवर होती.

सभेला गल्लीतलं झाडून सगळं माणूस आलं होतं. आप्पा ओट्याच्या खालच्या पायरीवर चावी मांडीवर घेऊन बसले होते. प्रमुख म्हणाले, "बोलो साहेब, पाणीमां शुं छे?"

मी उठलो. घरून निघताना खरं सांगायचं ठरवलं होतं, बायकोला तसं सांगूनही आलो होतो. पण शंभर माणसं 'साहेब' म्हणून आपल्याकडे बघायला लागली की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पाण्याच्या जडपणावर बोललो. क्षारांवर बोललो. भूगर्भावर बोललो. मध्येच दोन इंग्रजी शब्द टाकले, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. शेवटी म्हणालो, दोष निश्चित सांगता येत नाही. खाली बसलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

आप्पा पायरीवरून उठले. उठताना दोनदा हात टेकवावा लागला. म्हणाले, "बोअर चांगली शे. लाइन मन्ही शे. चूक बी मन्ही शे." आणि चावी प्रमुखांच्या पायाशी ठेवली. कोणी काही विचारायच्या आत ते निघूनही गेले. एवढी स्पष्ट कबुली मिळाल्यावर लोकांना दुसरं काय हवं होतं? चार दिवसांत समोरची लाइन घ्यायची असं ठरलं. मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोने वाढलंही नव्हतं.

सकाळी उजाडल्यावर कुदळीचा आवाज आला. आप्पा माझ्या दारासमोर खणत होते. दोन घाव घालायचे, भिंतीला टेकून दम खायचा, पुन्हा दोन घाव. चावी गेली होती, पण पाइप पुरलेले त्यांनीच होते, आणि सांधा त्यांना नेमका ठाऊक होता. मी कुदळ घेतली. हातभर खाली पाइप लागला. सांधा खरोखरच सुटला होता आणि त्याच्याभोवती गटाराचं काळं पाणी साचलं होतं.

मी म्हणालो, "आप्पा, माझ्याकडे मोटर—"

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"तिसरा दिनपाईन." त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. "गोधडी मोटरले घालेल व्हती ना? पाइपले नही घाली."

"मग तेव्हाच का नाही तोडलंत? आणि काल सभेत तरी... तुम्ही माझ्यासाठी कशाला—"

"तुन्हासाठे?" ते पहिल्यांदाच चिडले. "तुन्ही बायकोना दिन भरेल व्हतात. पानी तोडं असतं तर हंडा कोन उचलता? तू? मंग मी इचार कया, बाळंतपण व्हऊ दे, मंग तोडसू. सूट दिधी मी." ते खड्ड्याच्या कडेला बसले. "पन मी सूट दिधी ती कोनना पानीमाईन? शेवटला घरना. त्या घरनी बाईले इचारं का मी? नही इचारं. आनि पोर तिनी पडनी. मंग चूक कोनी?"

मला वाटत होतं की हा माणूस माझं पाप आपल्या डोक्यावर घेतोय. त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं. त्यांनी आपलं तेवढं उचललं होतं, आणि माझं माझ्यासाठी तिथेच ठेवलं होतं. त्यांचा मला राग आला, हेही खरं सांगतो. आपल्याला कोणी वाचवलंय असं वाटण्यात जे सुख असतं तेसुद्धा त्यांनी मला मिळू दिलं नाही.

सांधा नीट बसवून झाल्यावर त्याच संध्याकाळी मी स्वतः घरोघर जाऊन लोकांना ओट्यावर बोलावलं. भाषण तयार केलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य म्हणालो, "माझ्या घरी मोटर आहे," आणि पुढचं विसरलो. मग जसं आठवेल तसं सांगत गेलो. मोटर, गोधडी, बाटल्या, लाइट. कोणी तरी मागून विचारलं, "किती हॉर्सपॉवरची?" आणखी एकाने विचारलं, "आणि फवारा कुठल्या दुकानातून?" एका म्हातारबुवांनी मला शिव्या दिल्या, त्यांची बायको आजारी पडली होती. त्या मी ऐकून घेतल्या. शेवटच्या घरातला गँगमन भाऊ खाली बघत उभा होता. तो सगळ्यांच्या आधी निघून गेला.

प्रमुखांनी चावी परत दिली. आप्पांनी ती घेतली, तिथूनच सरळ माझ्या दारात आले, पाइप कापला आणि बूच मारलं. "महिना," म्हणाले. घरात बाळंतीण आणि पंधरा दिवसांचं बाळ. मी तोंड उघडणार होतो, पण बायको आतून म्हणाली, "करू द्या त्यांना." त्या दिवसापासून गल्लीत मला कोणी साहेब म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हंडे घेऊन मी डंकीवर निघालो. गल्लीत पाण्याची वेळ होती. प्रत्येक दारात नळ वाहत होता आणि प्रत्येक दारातून कोणी ना कोणी बघत होतं. मी खाली मान घालून चाललो होतो. डंकीची वाट शेवटच्या घरावरून जाते. मुलगी दवाखान्यातून घरी आली होती, उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. हाताला सलाइनची चिकटपट्टी होती आणि हात अगदी काडीसारखा झाला होता. मी चाल वाढवली.

वहिनी आतून बाहेर आल्या. "भाऊ, इकडं आणा तो हंडा."

"नको, वहिनी. मी डंकीवरून आणतो."

"डंकीचं पानी खारं हाय. बाळंतिनीले चालत नाही." त्यांनी माझ्या हातातून हंडा घेऊन आपल्या नळाखाली लावला. त्यांचे भरायचे हंडे बाजूला रिकामे होते.

मी कसंबसं म्हणालो, "वहिनी, तुमच्या मुलीला जे झालं ते माझ्या मोटरमुळे—"

"मालूम हाय मले. ह्यांनी सांगतलं." त्या हंड्याकडे बघत होत्या. "सकाळी आप्पा येऊन गेले. तुमच्या घरी बाळंतीन हाय, तुह्या नळाचं पानी द्यायचं का नाही, ते तूच सांग म्हणे. नाही म्हटलं तरी चालते म्हणे."

नळ वाहत होता. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"राती लय रडली मी," वहिनी म्हणाल्या. "आज हो म्हटलं. हंडा धरा नीट, सांडून रायलं."